जिनिंगच्या काट्यासाठी एकाच कामाचा कम्प्युटर कसा बांधायचा

राळेगाव तालुक्यात कापसाचा सीझन लागला की माझा फोन सकाळी साडेसहालाच वाजायला लागतो. ‘भाऊ, काटा बंद पडला न. गाड्या पार डांबरी रोडापर्यंत लागल्या.’ आता जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा, गाड्या तोलायचा काटा सहसा बंद पडलेला नसतोच. खड्ड्यातले लोडसेल (वजन ओळखणारे सेन्सर) ठीक असतात, इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्रावर, लाल आकडे दिसत असतात. बंद पडलेला असतो शेजारचा कम्प्युटर. रात्री लाइन गेली म्हणून विंडोज उठत नाही. किंवा उठलं आहे, पण अपडेट चालू आहे, बंद करू नका असं सांगत बसलं आहे. नाहीतर काटेवाल्या पोरानं काल संध्याकाळी पिक्चर पाहायला कुणाचा तरी पेनड्राइव्ह लावला आणि त्यातून नको ते आत आलं.

माझं दुकान दुरुस्तीचं. बरीच वर्षं मी हे कम्प्युटर फॉरमॅट करून देत राहिलो, पैसे घेत राहिलो. मग एका सीझनला एकाच जिनात चौथ्यांदा फॉरमॅट मारताना वाटलं, की इथं कम्प्युटर ठेवतो हीच चूक आहे. काट्याला कम्प्युटर नको, मिक्सरसारखी वस्तू पाहिजे. बटण दाबलं की चालू, प्लग उपटला की बंद, आणि दोन्हीत तिला काही होत नाही. ती वस्तू नेहमीच्या विंडोजच्याच धाकट्या भावावर कशी बांधायची, ते इथं लिहितो. जिनाऐवजी दूध डेअरीचं संकलन केंद्र असो, कृषी केंद्राचं बिलिंग असो, नाहीतर पाण्याच्या एटीएमची खोली असो, पद्धत तीच राहते.

आधी कागद घ्या

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एका जुन्या काटापावतीच्या पाठीवर दोन रकाने आखा. डावीकडे या डब्यानं, म्हणजे काट्याच्या कम्प्युटरनं, काय लक्षात ठेवायचं ते, उजवीकडे काय विसरायचं ते. माझ्या कागदावर डावीकडे एवढंच आलं: पावती नंबर, गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव-गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, तारीख-वेळ. उजवीकडे एकच शब्द लिहिला, ‘बाकी’. विंडोजची सेटिंग, कुणी बदललेला वॉलपेपर, चुकून ओढून फेकलेला आयकॉन, व्हायरस, अर्धवट उतरलेला अपडेट, हे सगळं त्या ‘बाकी’त आलं. रोज सकाळी डबा उठला की हे काही त्याला आठवता कामा नये. पुढचं सगळं काम या कागदावर उभं आहे, म्हणून घाई करू नका. मी केली होती, त्याचं पुढं सांगतो.

त्याच कागदाखाली एक ओळ अधोरेखित करून ठेवा: वजनाचा रकाना हातानं भरता येणार नाही. शेतकऱ्याच्या मनात काटा मारल्याचा संशय कायम असतो आणि तो उगाच नसतो. वजन इंडिकेटरमधून तारेनं येईल, स्थिर झालं तरच घेतलं जाईल, दुसरी वाट ठेवायचीच नाही. एक शेठ म्हणाले, ‘इमर्जन्सीसाठी एक बटण ठेवून दे न.’ मी म्हटलं, इमर्जन्सीला पेन आणि पावतीबुक आहे. इंडिकेटर आणि लोडसेल वैधमापनशास्त्रवाल्यांनी पडताळून मुद्रांकन केलेले असतात, त्यांच्या सीलला आपण बोटही लावायचं नाही. आपला डबा फक्त वाचतो.

डबा कसला घ्यायचा

जिनात रुई उडते. पंखा असलेला कुठलाही सीपीयू उघडा, महिनाभरात आत छोटी गादी भरलेली सापडेल. म्हणून बिनपंख्याचा घ्या, ज्याचं अंग ॲल्युमिनियमचं आणि वरून खाचांचं असतं. पत्र्याच्या केबिनमध्ये एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा आत किती असेल ते तुम्हीच समजा. कागदावर निदान ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेला डबा निवडा. रॅम ८ जीबी. ४ मध्येही चालतं, पण पुढं जो पडदा लावायचा आहे तो रॅम खातो.

डीसी इनपुट ९ ते ३६ व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर डबा थेट चालतो, मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. नुसत्या १२ व्होल्टचा घेऊन बॅटरीला जोडू नका. चार्जिंगला लागलेली बॅटरी १४ च्या वर जाते.

डिस्क दोन घ्या. एकीवर विंडोज, दुसरीवर फक्त वजनं. एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करूनही काम होतं, पण वेगळ्या डिस्कचा फायदा शेवटी कळेल.

आणि डब्याच्या मागं खरा नऊ पिनांचा कॉम पोर्ट, म्हणजे इंडिकेटरची सिरियल तार लावायची जागा, असू द्या. यूएसबीला लावायची सिरियल वायर स्वस्त पडते, पण केर काढणाऱ्यानं ती उपटून शेजारच्या भोकात खोचली की पोर्टचा नंबर बदलतो, कॉम तीनचा कॉम पाच होतो आणि सकाळी साडेसहाचा फोन येतो.

विंडोज कुठलं

दुकानात मिळतं ते होम किंवा प्रो इथं कामाचं नाही. आपल्याला पाहिजे विंडोज टेन आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१. नाव लांबलचक आहे, पण आतून ते नेहमीचंच विंडोज टेन आहे. तुमचा जुना प्रोग्राम आणि प्रिंटरचा ड्रायव्हर जसेच्या तसे चालतात. फरक इतकाच की दर वर्षी नवं रूप घेऊन येणारे मोठे अपडेट याला येत नाहीत, फक्त सुरक्षेचे येतात, आणि ते १३ जानेवारी २०३२ पर्यंत येत राहणार आहेत. साध्या विंडोज टेनची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. एक फसगत सांभाळा. ‘आयओटी’ हा शब्द नसलेलं एंटरप्राइज एलटीएससी २०२१ पण आहे, त्याची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते. दिसायला दोन्ही जुळे भाऊ.

हे लायसन काउंटरवर मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट ते डिव्हाइस बनवणाऱ्यांना वितरकांमार्फत देतं, आणि अट अशी की डबा एका ठरावीक कामासाठीच वापरायचा. मी डबा मागवतानाच लायसन टाकून मागवतो, मागं स्टिकर चिकटवलेला येतो. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत ‘ओरिजिनल की’ विकणारे भेटतील. त्यांच्याकडून घेतलेली की भर सीझनमध्ये मान टाकते तेव्हा शेठ त्यांना फोन करत नाहीत, मला करतात. हात बसवण्यासाठी ९० दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळते, आधी तिच्यावर गिरवा.

ही जात काही नवी नाही. २००१ मध्येच एक्सपी एम्बेडेड आलं होतं. तालुक्याच्या एटीएमचा पडदा मध्येच काळा होऊन एक्सपीचा झेंडा दिसायचा, आठवतं? तेव्हा विंडोजचे तुकडे निवडून निवडून स्वतःची आवृत्ती शिवावी लागायची. आता सगळं एकत्र येतं आणि आपण फक्त कुलपं लावायची.

लिनक्सवर हे होतं का? होतं, आणि फुकटात होतं. माझा काट्याचा प्रोग्राम डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं साधन) आहे आणि दिवाणजींना विंडोजचीच सवय, म्हणून मी इकडं आहे. तुमचं तसं नसेल तर तिकडं जा, भांडण नाही.

तार

इन्स्टॉल करणं सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. यूजर दोन करा. ‘काटा’ साधा, ‘दुरुस्ती’ ॲडमिन. दुरुस्तीचा पासवर्ड दमदार ठेवा. काटाला लॉगिन आपोआप होऊ द्या.

खरा वेळ जातो तारेत. इंडिकेटरच्या मागून आरएस-२३२ ची तार येते. नऊ पिनांपैकी आपल्याला तीनच लागतात: दोन, तीन आणि पाच. पाच म्हणजे ग्राउंड. दोन आणि तीनपैकी बोलणारी कोणती आणि ऐकणारी कोणती, हे इंडिकेटर बनवणारा आपल्या मर्जीनं ठरवतो. माहितीपुस्तक कधीच हरवलेलं असतं. मग मल्टिमीटर काढा. काळी तार पाच नंबरला, लाल तार आधी दोनला, मग तीनला. जिथं उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास काही दिसेल, ती बोलणारी. इंडिकेटर सारखा आकडे पाठवत असेल तर मीटरचा आकडा थोडा नाचेल, पण उणेकडेच झुकेल. ती पिन डब्याच्या दोन नंबरला गेली पाहिजे, कारण डबा दोनवर ऐकतो. न बोलणारी पिन जोडलीच नाही तरी बहुतेक वेळा चालतं.

मग पुटी नावाचा छोटा फुकट प्रोग्राम उघडा, सिरियल निवडा आणि स्पीड लावून पाहा. मी आधी ९६०० लावतो, मग २४००, मग बाकीचे. कचरा अक्षरं आली तर स्पीड चुकला. आकडे ओळखू येताहेत पण अधूनमधून भलतीच खूण दिसते, तर डेटा बिट आठऐवजी सात आणि पॅरिटी इव्हन करून बघा. एकदा का पडद्यावर वजन सरळ वाहायला लागलं, की कुणाला तरी काट्याच्या पाट्यावर उभं करा. आमच्याकडं ६० टनी काट्याचा टप्पा १० किलोचा, त्यामुळं एक माणूस चढला की आकडा ६० नाहीतर ७० असाच दिसतो. काटेवाल्या पोरांना याची फार मौज वाटते.

तार लांब ओढू नका. आरएस-२३२ ला पंधरा मीटर म्हणजे खूप झालं. पाइपातून न्या, नाहीतर उंदीर आहेतच. सरकीच्या वासावर आलेला उंदीर तार आधी चाखतो.

प्रोग्राममध्ये तीन गोष्टी पाहिजेतच. वजन तीन सेकंद हललं नाही तरच ‘घ्या’ हे बटण उजळेल. एक गाडी उतरून काटा शून्यावर आल्याशिवाय दुसरी नोंद सुरू होणार नाही. आणि आधी डिस्कवर नोंद, मगच छपाई. उलट केलं आणि मधल्या क्षणात लाइन गेली, तर शेतकऱ्याच्या हातात पावती असते आणि डब्यात काहीच नसतं. मी डेटाबेस एसक्यूलाइट वापरतो आणि त्याचं ‘सिंक्रोनस’ सेटिंग ‘फुल’वर ठेवतो. पावतीमागं डोळ्याला कळणार नाही इतका उशीर होतो, पण लिहिलं म्हणजे लिहिलंच.

छपाईला डॉट मॅट्रिक्सच, कार्बनसकट. नावं मराठीत पाहिजेत असा आग्रह असतो आणि तो बरोबरच आहे. माझ्याकडच्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळं नाव-गाव चित्र म्हणून छापावं लागतं आणि प्रिंटर कुरकुरत हळू चालतो. म्हणून फक्त नाव-गाव चित्रात, बाकी आकडे त्याच्या स्वतःच्या फॉन्टात.

कुलपं

कंट्रोल पॅनलमध्ये विंडोजची फीचर्स चालू-बंद करायची जागा आहे. तिथं ‘डिव्हाइस लॉकडाउन’ नावाचं घर सापडेल. त्यातल्या तीन चौकटींवर खूण करा: शेल लाँचर, कीबोर्ड फिल्टर, युनिफाइड राइट फिल्टर.

शेल लाँचर म्हणजे ‘काटा’ यूजर आत आला की डेस्कटॉप, स्टार्ट बटण काही येत नाही, थेट आपला प्रोग्रामच येतो. प्रोग्राम पडला तर काय करायचं तेही इथंच सांगता येतं. मी ‘पुन्हा चालू कर’ असं लावतो. ‘दुरुस्ती’ यूजरला मात्र नेहमीचा डेस्कटॉप राहू द्या, नाहीतर आपणच बाहेर राहू. हे सगळं पॉवरशेलच्या (विंडोजमधलं कमांड द्यायचं साधन) छोट्या स्क्रिप्टनं होतं. स्क्रिप्ट जपून ठेवा, दुसऱ्या डब्याला पाच मिनिटांत होतं.

कीबोर्ड फिल्टरनं ऑल्ट-एफ-फोर, ऑल्ट-टॅब, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, विंडोजचं बटण ही सगळी मारून टाका. बाहेर पडायची चोरवाट आधीपासूनच ठेवलेली असते: डावीकडचं विंडोज बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की लॉगिनचा पडदा येतो. एका जिनातल्या पोराला ही वाट कुणी न सांगता सापडली. रिकाम्या वेळात तो बटणं बडवत बसलेला. पासवर्डपाशी अडला म्हणून बरं. शेठ म्हणाले, ते बटणच उपटून टाका. म्हटलं, नको, मग मी कुठून आत येऊ?

पडदा, आणि माझी चूक

आता राइट फिल्टर. या सगळ्या प्रकारातला जीव इथं आहे. समजा सी ड्राइव्ह म्हणजे भिंत आहे. फिल्टर तिच्यावर काचेचा पडदा लावतो. विंडोज, प्रोग्राम, काटेवाला, व्हायरस, जो कोणी सी वर लिहायला जाईल तो खरं तर काचेवर लिहितो. काच रॅममध्ये असते. रीस्टार्ट झाला की काच फुटते आणि भिंत होती तशी कोरी. लाइन गेली तर भिंतीवर काही लिहिणं चालूच नव्हतं, मग अर्धवट काय राहणार?

मी पहिला डबा बसवला तो नोव्हेंबरात, सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. दिवसभर सुरळीत चाललं. शेठनी चहा पाजला. संध्याकाळी डीपी जळाली, लाइन गेली, डबा बंद. सकाळी लाइन आली, डबा आपोआप उठला, प्रोग्राम उघडला, मी दुकानात मान उंच करून बसलो. दहाच्या सुमारास फोन. काल कापूस टाकून गेलेला शेतकरी हिशेबाला आला होता. त्याच्या हातात ११८ नंबरची पावती. कम्प्युटरात ११८ वर आज सकाळच्या दुसऱ्याच गाडीचं नाव. ‘पावती तं माह्याजवळ आहे न बाप्पा,’ तो म्हणत होता, ‘अन् मशीन दुसऱ्याचंच नाव दाखोते!’

डेटाबेस मी सी ड्राइव्हवर ठेवला होता. प्रोग्रामच्या शेजारी, सवयीनं. फिल्टरनं आपलं काम चोख केलं होतं, कालचा अख्खा दिवस पुसून टाकला होता. एकेचाळीस गाड्या. कार्बनच्या प्रती शाबूत होत्या म्हणून वाचलो. त्या रात्री दिवाणजी एकेक प्रत वाचत होते आणि मी टाइप करत होतो. ते वजन वाचून झालं की चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे, बोलत काहीच नव्हते. पहाटे दोनला संपलं. कागदाच्या डाव्या रकान्यात ‘वजनं’ लिहिलं होतं, ती कुठं राहणार हे लिहिलं नव्हतं.

तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा डेटाबेस, पावती नंबर आणि प्रोग्रामचं जे काही बदलतं सेटिंग असेल ते डी वर हलवा. पावती नंबर वेगळ्या फाइलीत ठेवूच नका, डेटाबेसमधल्या शेवटच्या पावतीवरूनच काढा. मग ॲडमिन म्हणून कमांडची खिडकी उघडा. कमांड इथं देवनागरीत देतो, टाइप इंग्रजीत करा. आधी ‘यूडब्ल्यूएफएमजीआर ओव्हरले सेट-साइज ४०९६’, म्हणजे काच ४ जीबीची झाली. हे फिल्टर बंद असतानाच करता येतं, म्हणून ते पहिलं. मग ‘यूडब्ल्यूएफएमजीआर फिल्टर इनेबल’. मग ‘यूडब्ल्यूएफएमजीआर व्हॉल्यूम प्रोटेक्ट सी’, सी च्या पुढं कोलन. डी ला हात लावू नका, ती उघडीच राहिली पाहिजे. रीस्टार्ट. शेवटी ‘गेट-कॉन्फिग’ देऊन डोळ्यांनी वाचा की सी संरक्षित आहे आणि डी नाही. एखादाच फोल्डर पडद्यातून वगळायचीही सोय आहे, पण मला दुसरी डिस्कच बरी वाटते. दिवाणजींना बोट ठेवून दाखवता येतं, की वजनं ह्याच्यात आहेत.

फिल्टर पहिल्यांदा चालू करताना काही गोष्टी आपसूक बंद करतो: पेजिंग फाइल, सिस्टिम रिस्टोअर, फास्ट बूट, डीफ्रॅग. वीज गेल्यावर विंडोज ‘दुरुस्ती करू का’ विचारत थांबतं, तेही बंद होतं. काट्यावर नेमकं हेच हवं असतं.

आता ४०९६ का? आकडा दिला नाही तर काच १०२४ एमबीची राहते. दुसऱ्या जिनात मी तशीच ठेवली होती, आणि शेठनी डब्याला नेट जोडलं होतं. डबा चार दिवस बंदच झाला नाही. अँटिव्हायरस रोज नवी यादी उतरवत राहिला, लॉग वाढत राहिले, सगळं काचेवर. काच भरली तेव्हा डबा भर दुपारी तीनला थिजला. तेव्हापासून तीन नियम पाळतो. काच मोठी, सीझनमध्ये नेट नाही, आणि रात्री दोनला ठरवून रीस्टार्ट. तो रीस्टार्ट टास्क शेड्युलरमध्ये फिल्टर लावायच्या आधी टाका. नंतर टाकला तर तोही सकाळी पुसलेला असेल. हे पण मी करून बसलो आहे.

अपडेट सीझन संपला की. मार्चनंतर फिल्टर डिसेबल, रीस्टार्ट, नेट जोडून अपडेट, दोन दिवस बघायचं, पुन्हा इनेबल.

बायोसमधलं

बायोस म्हणजे विंडोज उठण्याआधीचं डब्याचं स्वतःचं सेटिंग. तिथं ‘एसी पॉवर लॉस’ अशा काही नावाची जागा असते, ती ‘पॉवर ऑन’ करा. लाइन आली की डबा कुणी न सांगता उठेल. बूट फक्त आतल्या डिस्कवरून, बायोसला पासवर्ड.

एक बारकी गोष्ट. आत नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. तो मेला की तारीख मागं जाते आणि वरचं सेटिंगही उडतं. दर दिवाळीला तो बदला. प्रोग्रामलाही शिकवा, की आजची तारीख शेवटच्या पावतीच्या मागची असेल तर पावती देऊ नको, लाल पडदा दाखव.

छळ

डबा जिनात न्यायच्या आधी मी दुकानात त्याचा पन्नास वेळा प्लग उपटतो. मोजायला पुठ्ठ्यावर रेघा. नुसता चालू असताना, विंडोज उठत असताना अर्ध्यात, ‘घ्या’ दाबल्याच्या क्षणी, छपाई चालू असताना. इंडिकेटरऐवजी दुसऱ्या कम्प्युटरवरून खोटी वजनं सोडतो. शेवटी कागदाच्या पावत्या मोजायच्या आणि डेटाबेसमधल्या नोंदी मोजायच्या. डेटाबेसमध्ये एखादी जास्त निघाली तर ठीक, तिची छपाई राहिली असेल, प्रोग्राममध्ये ‘पुन्हा छापा’ आहेच. कागद जास्त निघाला तर डबा दुकानाबाहेर जात नाही.

बॅकअपसाठी डब्याच्या कुलूपबंद पेटीतच एक पेनड्राइव्ह लावलेला असतो. दर पन्नास पावत्यांनी प्रोग्राम त्यावर प्रत काढतो. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना नुसती कॉपी-पेस्ट करू नका, त्याची स्वतःची बॅकअपची सोय आहे, ती वापरा. बाहेरच्या पेनड्राइव्हला जागा नको.

सगळं जमलं की सी च्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून दुसऱ्या तशाच डिस्कवर घाला. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून, जिनाच्या ऑफिसच्या कपाटात ठेवा. डी ची वजनं वेगळ्या डिस्कवर आहेत, त्यामुळं सी बदलली तरी एकही पावती हलत नाही. दिवाणजींना स्क्रूड्रायव्हर देऊन एकदा समोर बसवून बदलायला लावा. ते नाही म्हणतील. तरी लावा.

गेल्या जानेवारीत साडेसहाला फोन वाजला. दिवाणजीच. ‘भाऊ, डबा उठत नव्हता. मी कपाटातली टाकली. चालू झाला, दोन गाड्या मोजल्या. तुमाले सांगाव म्हटलं.’ दुपारी ते बाजाराला आले तेव्हा जुनी डिस्क रुमालात बांधून घेऊन आले. माझ्या टेबलावर पडली आहे. कपाटात ठेवायची नवी प्रत अजून काढायची आहे.